सात महिन्यांचा अनुभव: टूल चांगलं आहे, पण त्या कोऱ्या लॉगने तीन आठवडे खाल्ले

नोड, म्हणजे कामाचे एकेक टप्पे, ओढून जोडायचे आणि मधल्या एकात आपला पायथन कोड टाकायचा, ही ऑटोमेशन टूल आता सगळ्यांच्या ओळखीची आहेत, त्यामुळे फीचर्स सांगत बसत नाही. माझं काम रोज रात्रीचं: दोन ठिकाणांहून बिलं आणायची, ताडून बघायची, न जुळलेली पुढच्या नोडकडे द्यायची. पहिले चार महिने तक्रारीला जागाच नव्हती.

पाचव्या महिन्यात मधूनच रन लाल दिसू लागले. '१० मिनिटांची मर्यादा ओलांडली', एवढंच. लॉग, म्हणजे रनमध्ये काय घडलं याची नोंद, कोरा. कोडची पहिलीच ओळ 'सुरू झालं' असं प्रिंट करते, तेही नाही! मदत विभागाचं म्हणणं, आउटपुट नाही म्हणजे स्क्रिप्ट सुरूच झाली नाही, लायब्रऱ्या (कोड वापरतो ते तयार भाग) तपासा. तपासल्या. मग मेमरी वाढवा म्हणाले. तीही वाढवली, जादा पैसे भरून. बिल मिनिटांवर लागतं, म्हणजे फसलेला प्रत्येक रन पूर्ण १० मिनिटांचे पैसे घेऊन जात होता. हे मला अजूनही खुपतं.

इथपर्यंतचं मी रागाच्या भरात लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे दिले होते. ते आता बदलतोय.

धागा सापडला तो एका वेगळ्याच एररमध्ये. त्या लॉगमध्ये एररचा मजकूर वर होता आणि त्याच्या आधी व्हायला हवी ती प्रिंट खाली. मग स्वतःच्या मशीनवर आउटपुट पाइपमधून (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला देणारी वाट) कॅटला, म्हणजे मिळेल ते नुसतं दाखवणाऱ्या कमांडला, देऊन पाहिलं, तर सगळ्या ओळी शेवटी एकदम आल्या. पायथन टर्मिनलवर (कमांड टाकायच्या खिडकीत) ओळ पूर्ण झाली की लगेच दाखवतं. आउटपुट पाइपमध्ये जात असेल, तर काही हजार बाइट साठेपर्यंत किंवा प्रोग्रॅम नीट संपेपर्यंत धरून ठेवतं. एरर वेगळ्या वाटेने जातात, ३.९ आवृत्तीपासून त्या पाइपमध्येही ओळीगणिक बाहेर पडतात. टूलमध्येही तेच होत होतं: वेळ संपली की टूल प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, मारून टाकतं आणि साठलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. स्क्रिप्ट व्यवस्थित सुरू होत होती.

एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालतो त्या सेटिंग्जमध्ये, 'पायथनअनबफर्ड' ही व्हेरिएबल १ केली (आउटपुट साठवू नको, लगेच बाहेर टाक) आणि त्याच रात्री दिसलं की गाडी बिलं आणणाऱ्या कॉलवर अडकते. वेबवरून माहिती मागवणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबायचं ते, सांगितला नाही, तर ती उत्तराची वाटच बघत बसते. मी सांगितला नव्हता. ती चूक माझीच. ३० सेकंदांचा टाइमआउट आणि तीनदा प्रयत्न, एवढ्यावर काम भागलं.

तरी एक तक्रार मागे घेणार नाही. पायथन चालवून देण्याचे पैसे घेता, तर ही एक व्हेरिएबल आधीपासून लावून का देत नाही? निदान मदत विभागाला तरी हे माहीत हवं. कोऱ्या लॉगवरून 'स्क्रिप्ट सुरूच झाली नाही' असं ठासून सांगणं चूक होतं, आणि त्या एका वाक्यामुळे मी तीन आठवडे भलतीकडे शोधत राहिलो.

बाकी शेड्यूल वेळेवर लागतं, पुढच्या नोडला डेटा नीट जातो, पासवर्ड कोडबाहेर ठेवता येतात. चार तारे. वाढवलेली मेमरी गेल्या आठवड्यात पुन्हा कमी केली. रन तेवढ्याच वेळात होतो.