आठ महिन्यांनंतर: टाइलपेक्षा मीच चिकट निघालो

सहाशे बाय बाराशे मिलिमीटरच्या ग्लॉसी व्हिट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाइल्स. चमक, डाग, पुसायला सोपी वगैरे सगळ्यांनी लिहून झालंय. मी लिहितोय कारण गेल्या आठवड्यात पहाटे फाडकन आवाज झाला आणि हॉलमधल्या दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या.

एकच तारा द्यायचा, असं ठरवून पुरावा गोळा करायला नाणं घेऊन गुडघ्यांवर अख्खा हॉल वाजवत फिरलो. सतरा टाइल्स बद्द, म्हणजे खालून पोकळ वाजल्या, त्याही बहुतेक कोपऱ्यांत.

कंपनीचा माणूस आला, निघालेली टाइल उलटी केली, फोटो काढला आणि पाच मिनिटांत गेला. चिडलो. मग मीही उलटी बाजू नीट पाहिली. कोरी करकरीत! कारखान्यातली पांढरी भुकटीसुद्धा तशीच. खाली सिमेंटचे पाच गोळे, मध्ये नुसती पोकळी. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषते अर्ध्या टक्क्याहून कमी. सिमेंटने धरायचं कशाला? तिला पॉलिमरवालं अ‍ॅडेसिव्ह लागतं, तेही खाचांच्या थापीने सलग ओढलेलं. कोरड्या जागी निदान ८० टक्के पाठ माखली पाहिजे, ओल्या जागी ९५. मिस्त्रींनी अ‍ॅडेसिव्हबद्दल दोनदा विचारलं होतं. "सिमेंटने काय वाईट होतंय?" हे उत्तर माझं.

पण खरी गोम भिंतीकडेला. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) काढलं तर टाइल भिंतीला घट्ट भिडलेली. तिथे आठ-दहा मिलिमीटर फट सोडली असती तर स्कर्टिंगखाली दिसलीही नसती. टाइल्समधले सांधेही मीच नको म्हणालो होतो, त्यांत भरायचं ग्राउट काळं पडतं म्हणून. ऊन-थंडीने स्लॅब आणि टाइल थोडी हलतातच. सरकायला जागा नाही, म्हणून वर उठल्या. म्हणजे भारी अ‍ॅडेसिव्ह वापरलं तरी फट हवीच. सांध्यांची फट राखायला मध्ये ठेवायच्या स्पेसरचं पाकीट अजून माळ्यावर पडलंय, न फोडलेलं.

टाइलच्या कडा वर-खाली आहेत, अंगठ्याला ठेच लागते, ही माझी दुसरी तक्रारही मागे घेतो. लांब टाइल मध्यभागी किंचित फुगीर असते. विटांसारखी अर्ध्यावर जोडली की एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशी येतो. एक तृतीयांशावर जोडायची असते. डिझाइन कोणी निवडलं, विचारू नका.

चार तारे. एक कापला, कारण लावण्याच्या सूचना खोक्याच्या आतल्या झाकणावर मुंगीएवढ्या अक्षरांत आहेत.

सतरा टाइल्सवर खडूने फुल्या मारल्यात. मिस्त्री येईपर्यंत घरात लंगडीचा खेळ चालू आहे.