एअर रायफलवर ३-९ चा स्कोप, चार महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, हा माझा दुसरा स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, आहे. पहिला घेतला होता ६-२४ झूमवाला, कारण डोक्यात एकच, आकडा जेवढा मोठा तेवढं भारी, मोबाईलच्या कॅमेऱ्यासारखं. साठ-सत्तर छर्रे झाले असतील नसतील, आतला नेमाचा प्लसच तिरका झाला. हलवला तर आत खुळखुळ्यासारखा आवाज. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे तुम्ही पाडला असेल. कंपनीचं नाव घेत नाही, चूक अर्धी माझीपण होती.

ती चूक अशी. माझी रायफल साधी ब्रेक बॅरल (नळी मोडून छर्रा भरायची), स्प्रिंगवाली, ४.५ मिमी. (लायसन्सचं सगळेच विचारतात म्हणून सांगतो, नळी ४.५ मिमी पर्यंत आणि ताकद २० ज्यूलच्या आत असली तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्स लागत नाही, दुकानदार ओळखपत्राची कॉपी घेतो बस.) लोकांना वाटतं एअरगनला कुठला आलाय धक्का. पण स्प्रिंगवालीला दोन धक्के असतात. पिस्टन पुढे सुटला की बंदूक आधी मागे येते आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की बंदूक पुढे झटका खाते. मोठ्या रायफलीचा स्कोप मागच्या धक्क्याच्या हिशोबाने बनवलेला असतो, हा पुढचा झटका त्याच्या लेन्सा आणि रेटिकल (तोच आतला प्लस) सैल करून टाकतो. त्यामुळे बॉक्सवर स्प्रिंग एअरगनसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर झूम कितीही असो, घेऊ नका.

तर यावेळी घेतला ३-९ बाय ४०, एओवाला (पुढच्या रिंगने अंतर जुळवता येतं तो), पावणेपाच हजारात ऑनलाइन. ३ ते ९ म्हणजे झूम, ४० म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. या ४० ला झूमने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या गोलाची जाडी निघते, ९ वर साडेचार मिमी, ६ वर साडेसहा. म्हणून संध्याकाळी ९ वर ठेवून अंधारं वाटत असेल तर स्कोपला शिव्या देण्याआधी झूम कमी करून पहा. माझं म्हणाल तर ९ वर मी मोजून दहा वेळा नेला असेल. हाताचे ठोके, श्वास, सगळं नऊपट हलताना दिसते आणि डोकं जरा सरकलं की पूर्ण काळं. मी ६ वर ठेवतो आणि विसरून जातो. विसरण्याचं आणखी एक कारण, स्वस्तातल्या स्कोपमध्ये झूम फिरवला की नेम थोडा सरकतो, माझा ३ आणि ९ मध्ये २५ मीटरवर बोटाच्या पेराएवढा सरकते. शिवाय याचं रेटिकल झूमबरोबर मोठं-लहान होत नाही, म्हणून मिल-डॉटचे, म्हणजे प्लसच्या रेघांवरचे मापाचे, ठिपके फक्त ९ वरच बरोबर माप दाखवतात. ६ वर तेच ठिपके वेगळ्या हिशोबाचे.

एओ मात्र पाहिजेच. पुढची रिंग फिरवून अंतर लावायचं, बस एवढंच काम, पण त्याच्याशिवाय एअरगनवर अर्धा खेळ वाया जाते. मोठ्या रायफलीचे बरेच स्कोप १०० यार्डाला सेट करून येतात आणि आपण मारून राहिलो १० ते ३० मीटर. घरी तपासून पाहण्यासारखं आहे, रायफल दोन उशांत घट्ट बसवा, हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवा. प्लस जर टार्गेटवर पोहल्यासारखा सरकत असेल तर तेवढा नेम चुकणार, तुम्ही कितीही स्थिर असा. या स्कोपच्या रिंगवरचे आकडे मात्र खोटे आहेत. टेप लावून १० यार्ड मोजले तर चित्र साफ दिसते १३ च्या खुणेवर. मी पांढऱ्या इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवून स्वतःच्या खुणा केल्या.

आता बसवण्याचं पुराण. पहिला स्कोप मी नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानात बसवून घेतला होता, भाऊने पाच मिनिटात आवळून दिला, दोनशे रुपये घेतले, घरी येऊन पाहतो तर प्लस चक्क घड्याळाच्या एकावर. यावेळी स्वतः केलं, कळमेश्वरकडे मामाच्या वावरात. मामाने पाहिलं आणि पहिला प्रश्न, “काऊन बे, बिना दुर्बिणीचं दिसत नाही का तुले?”

बसवायला खरा शहाणपणा मामाकडूनच निघाला. प्लस सरळ कसा करायचा यावर मी अर्धा तास मोबाईल पाहून राहिलो होतो, मामा आत गेला आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन आला. पंधरा-वीस पावलांवर लिंबाच्या फांदीला लटकवला. रायफल लेव्हलच्या बाटलीने सपाट केली, स्कोपमधून पाहिलं, उभी रेघ आणि ओळंब्याची दोरी एकमेकांवर आली की झालं. मग स्क्रू तिरपे-तिरपे, एकेक पाव फेरा, एलन कीची छोटी बाजू चिमटीत धरून. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर स्कोप हळूच फिरतो. आणि आवळण्याआधी डोळ्याचं अंतर पहा, ९ वर ठेवून पहा कारण तिथं जागा सगळ्यात कमी मिळते. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, मग उघडायचे, पूर्ण गोल दिसला पाहिजे. मान ताणावी लागली तर स्कोप मागेपुढे सरकवा, मान नको.

स्कोपसोबत मिळालेले माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडी, फेकून द्या. खरं सांगतो. दोन वेगळ्या रिंगा येतात, ११ मिमीच्या खाचेत बसतात, आणि स्प्रिंगच्या धक्क्याने वीसेक छर्‍यांत हळूहळू मागे सरकतात. नेम का बिघडून राहिला समजत नाही, माणूस बिचारा स्कोपच्या नॉबचे क्लिक फिरवत बसतो. मी पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती म्हणून सापडलं, दोन मिमी मागे. मग बाराशेचा एकसंध माउंट घेतला, खाली अडवायला पिन असलेला. तेव्हापासून रेघ जागच्या जागी.

मग झिरोइंग, म्हणजे प्लस जिथं तिथंच छर्रा लागेल असं जुळवणं. ७ मीटरवर सुरुवात केली, कागदावर तरी लागतंय का पाहायला, मग २५ वर गेलो. नॉबवर लिहिलंय पाव एमओए (कोनाचं माप, एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे २५ मीटरवर एका क्लिकला पावणेदोन-दोन मिमी. साधा हिशोब, चार सेंटीमीटर चुकलं तर बावीस क्लिक. माझं डावं-उजवं दहा मिनिटात जमलं, पण वरचा नॉब फिरवून फिरवून संपला आणि छर्रा अजून सहा सेंटीमीटर खालीच. वाटलं हाही गेला. पण दोष स्कोपचा नव्हता, ब्रेक बॅरलची नळी बऱ्याचदा थोडी खाली झुकलेली असते. इलाज म्हणून मागच्या रिंगखाली जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या, आईच्या गुडघ्याचा होता, तीन थर. एका थराने साधारण चार सेंटीमीटर वर आलं. आता नॉब शेवटापासून चाळीसेक क्लिक मागे आहे, टोकाला ठेवला तर आतली स्प्रिंग ढिली पडून नेम टिकत नाही म्हणे, आणि टिकत नव्हताच. याहून जास्त थर लागत असतील तर स्कोपची नळी वाकेल, त्यापेक्षा उताराचा, म्हणजे मागून उंच, माउंट घ्या.

२५ ला झिरो आहे म्हणून १० मीटरवर माझा छर्रा जवळपास एक सेंटीमीटर खाली लागतो, कारण स्कोप नळीच्या चार सेंटीमीटर वर बसलाय. आणि बंदूक टेबलावर दाबून धरू नका, तळहातावर सैल ठेवा, घट्ट धरली की ग्रुप फाटतो, म्हणजे छर्रे पसरून लागतात. भाचा विचारत होता, नेमबाज स्वप्निल कुसाळे कोणता स्कोप वापरतो मामा. कोणताच नाही रे राजा, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणलं ते ५० मीटरवर बिना स्कोपचं, त्या खेळात दुर्बीण चालतच नाही. थोडा वेळ गप्प बसला पोट्टा.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दोन दिवस त्रास झाला. दुपारी ४५ डिग्री, वावरातली हवा अशी लहरत होती की कागदावरचा ठिपका पाण्यात पडल्यासारखा, आणि कारमध्ये तापलेली रायफल सकाळच्या झिरोपेक्षा वेगळीकडे मारत होती. सकाळी सात ते नऊच बरे. पावसाळ्यात मात्र आत एकदाही वाफ धरली नाही, तेवढं कौतुक.

टार्गेट म्हणजे कागद आणि डबे, मागे मातीचा बांध. पोपट-मोरांसाठी स्कोप विचारणारे मेसेज करू नका, वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे. कॉलनीतल्या टेरेसवरही नको, छर्रा भिंतीवरून उडून कुठे जाईल सांगता येत नाही.

पाचपैकी चार स्टार. अर्धा कापला रिंगवरच्या खोट्या आकड्यांसाठी, अर्धा झाकणांसाठी, पुढचं झाकण दुसऱ्याच दिवशी तुटलं, सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावलाय आणि तो जास्त घट्ट बसते.