सोलापूरचा उन्हाळा काढलेला ५२,६०० रुपयांचा गेमिंग पीसी

माझं अक्कलकोट रोडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. घर दुकानाच्या मागेच, आणि घराच्या भिंतीला लागून टॉवेलचे माग. इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याला गेमिंग पीसी पाहिजे होता. १०८०पी (फुल एचडी) मॉनिटर घरात होता, बाकी सगळं पन्नास हजारांच्या आसपास बसवायचं होतं. २०२४च्या दिवाळीत घेतला. त्यावर एक गड्डा (आमची सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) आणि एक अख्खा उन्हाळा गेला, म्हणून आता खात्रीनं लिहितोय.

पहिल्या दुकानात "मालक, आय-सेव्हन, १६ जीबी, ग्राफिक्स कार्डासकट २६ हजार" असं सांगितलं. पुतण्या खूश झाला. मी झाकण उघडायला लावलं. आत तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन, म्हणजे २०१२चा माल, तेवढाच जुना एच६१ बोर्ड आणि गेमला न पुरणारं जीटी ७३० कार्ड. एखाद्या ऑफिसातून निघालेल्या मशीनला नवा रंगीत कॅबिनेट चढवलेला. आय-सेव्हन म्हटलं की लोक मान डोलावतात, पण प्रोसेसरचं वय त्यापुढच्या आकड्यावरून कळतं. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, १२७०० म्हणजे बारावी. तेवढं विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

त्याच मशीनमधला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणारा डबा, मी हातात घेतला. मोटार उचलली की वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं, याचा अंदाज आमच्या हाताला येतो. हा तर रिकाम्या डब्यासारखा लागला. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेलं, आणि बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या लाइनसमोर १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच लाइनवर चालतात. आम्ही पुढे घेतलेलं आरएक्स ६६०० कार्ड एकटं १३२ वॅटचं आहे आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर ६५चा, म्हणजे या डब्याचा दम तिथंच संपला. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी मीटरवर १९५ व्होल्ट दिसतात. म्हणून ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवणाऱ्याला मिळणारा दर्जा), १०० ते २४० व्होल्ट इनपुट घेणारा एसएमपीएस ४,२०० रुपयांना घेतला. १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर देतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नुसत्या डब्याला चार हजार?" मी म्हणालो, याच्यातच कमी केलं तर बाकीचे ४८ हजार धोक्यात. उन्हाळाभर व्होल्टेज खालीवर झालं, पण मशीन एकदाही आपोआप बंद पडलं नाही.

प्रोसेसर ११,२०० आणि कार्ड २०,५००. ५६०० मध्ये सहा कोर आहेत, पण आत ग्राफिक्स नाही, त्यामुळे वेगळं कार्ड लागतंच. ८ जीबीच्या या कार्डावर १०८०पीला जीटीए ५ आणि व्हॅलोरंट मलईसारखं चालतं. जुनं आरएक्स ५८० बरंच स्वस्तात मिळत होतं, ते मी टाळलं. इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं चालवून ते कमावणं, सप्टेंबर २०२२ला बंद झाल्यावर अशी रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात उतरली, आणि त्यातली काही २०४८एसपी, म्हणजे नाव ५८०चं पण ताकद कमी. राबलेल्या मोटारीचं बेअरिंग मी रोज बघतो, तसलंच कार्ड घरात आणायचं नव्हतं.

बोर्ड बी४५० चिपसेटचा, ६,३००ला. ५००० मालिकेचा प्रोसेसर चालेल असं खोक्यावर लिहिलेलं बघूनच घेतला, नाहीतर आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून मागावा लागतो.

रॅममध्ये मात्र जवळजवळ फसलो होतो. दुकानदार म्हणाला, "दोन स्टिक कशाला, सोळाची एकच बसवतो, एक जागा मोकळी राहील." ऐकायला बरोबर वाटतं. पण ८-८च्या दोन लावल्या की ड्युअल चॅनेल चालतं, म्हणजे डेटा दोन्हींतून एकदम जातो, आणि गेममध्ये तो फरक दिसतो. दोन लावून घेतल्या, ३,६०० रुपये. घरी येऊन टास्क मॅनेजर बघितला तर ३२००ची रॅम २४००वर चाललेली. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग, चालूच केलेली नव्हती. दोन मिनिटांचं काम, पण कुणी सांगत नाही.

सोलापूरकरांनो, कॅबिनेट निवडताना घाई करू नका. पुतण्याला पुढून काच आणि आत रंगीत दिवे पाहिजे होते. मी पुढून जाळी आणि जाळीमागे निघणारा फिल्टर असलेला घेतला, ३,४००ला. मागावरून उडणारे कापसाचे तंतू दर आठ दिवसांनी त्या फिल्टरवर टॉवेलच्या तुकड्यासारखे जमतात. रंगाच्या ब्रशनं झाडतो. दुकानातला ब्लोअर महिन्यातून एकदाच, आणि तेव्हा पंख्याची पाती बोटानं धरून. हवेनं पंखा जोरात फिरला की तोच जनरेटर होतो आणि बोर्डाकडे वीज ढकलतो. बाहेर ४३ अंश असताना, कूलर नसलेल्या खोलीत, तासभर गेम चालवून प्रोसेसर ८४ला गेला. त्याची मर्यादा ९० आहे. प्रोसेसरसोबत मिळालेला छोटा पंखा एवढंच करू शकतो. पुढच्या उन्हाळ्याआधी तो बदलणार.

एक निर्णय चुकला. गेम साठवायला ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी) ३,४००ला घेतली आणि ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच भरली. जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या आसपास खातो. आमच्या बोर्डावर एनव्हीएमईची जागा एकच, त्यामुळे आता साटाची, म्हणजे केबलनं जोडायची, वेगळी एसएसडी घ्यावी लागणार. दसऱ्याला घेऊ असं पुतण्याला सांगितलंय. तोवर तो एक गेम काढतो आणि दुसरा टाकतो.