व्हॉट्सॲप ग्रुप, शहरातली संस्था की आपल्याच भागातली बैठक?

मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं निदान झालंय, डॉक्टरांनी ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी लिहून दिलीय, घरात कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही यावर नवरा-बायकोत अजून एकमत नाही. अशा वेळी ‘एखाद्या पालक गटात जा’ असं कुणीतरी सुचवतंच. प्रश्न असा की कुठल्या? भुसावळात राहून आम्ही तिन्ही प्रकार वापरले, त्यावरून लिहितोय. मुलगी शाळकरी वयाची आहे आणि बोलते, पण बहुतेक ऐकलेलंच बोलते. तुमचं मूल वेगळं असेल, तर माझा हिशेब तुम्हाला लागू होईलच असं नाही.

व्हॉट्सॲपचे मोठे ग्रुप आधी उरकतो, कारण त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कागदपत्रांसाठी ते उत्तम. यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाच्या ओळखपत्राचा) अर्ज कुठे अडकतो, आयसाच्या (ऑटिझम किती आहे हे मोजणाऱ्या) तपासणीला जाताना मुलाचे घरचे व्हिडिओ दाखवावेत का, नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचं नूतनीकरण राहून गेलं तर काय, अशा प्रश्नांना रात्री अकरालाही उत्तर येतं, आणि ते देणारी बाई स्वतः त्या खिडकीपुढे उभी राहिलेली असते. ‘निरामय’मध्ये लाखापर्यंतच्या विम्यात थेरपीचा खर्चही धरतात, हे आम्हाला डॉक्टरांकडून नाही, अशाच एका ग्रुपवरून कळलं.

पण त्याच ग्रुपवर स्टेम सेलचे उपचार विकणारे असतात. आधी एखादा पालक ‘आमचा मुलगा बोलायला लागला’ म्हणून लिहितो आणि मग वैयक्तिक मेसेज सुरू होतात. नॅशनल मेडिकल कमिशनच्या नीती मंडळाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं स्पष्ट केलंय. लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवाही दर दोन महिन्यांनी नव्याने फिरते. ती ज्या 1998 च्या लेखातून निघाली, तो ‘लॅन्सेट’ने 2010 मध्ये मागे घेतला, हे तिथे कितीदा लिहिणार? निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार असतो, आणि या ग्रुपवर सगळ्यात जास्त भेटतात ते नेमके असेच पालक. मी ग्रुप सोडलेला नाही. नोटिफिकेशन बंद केलीत, काही अडलं की जुन्या मेसेजांत शोधतो.

खरी निवड उरते ती पुढच्या दोन्हींत.

शहरातल्या संस्थांचं पारडं जड आहे, हे आधीच कबूल करतो. दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ 1991 मध्ये मेरी बरुआ यांनी सुरू केली, आणि त्या स्वतः ऑटिस्टिक मुलाच्या आई. मुंबईची ‘फोरम फॉर ऑटिझम’ पालकांचीच. देशभरातल्या पालक संघटनांचा महासंघ ‘परिवार’ बंगळूरहून चालतो. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आलं, आणि 2016 च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत त्याला स्वतःची जागा मिळाली. आपण आज सिव्हिलला जाऊन प्रमाणपत्र मागू शकतो, त्यामागे अशा पालकांची कित्येक वर्षांची धावपळ आहे. शिवाय या संस्थांकडे असे आईवडील आहेत ज्यांची मुलं आता तिशीत आहेत. अठरानंतर कायदेशीर पालकत्वासाठी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जावं लागतं, हे ते शांतपणे, फॉर्म दाखवून समजावतात. आपल्याकडे एवढा पुढचा विचार करून बोलणारं माणूस मिळणं अवघड.

आम्ही अशाच एका शहरी गटाच्या ऑनलाइन बैठकांना बसायचो. (वर ज्यांची नावं घेतली, त्यांपैकी हा नव्हे.) सत्रं चांगली असायची. मुलांचं वागणं समजून कसं घ्यायचं, चित्रांच्या मदतीने दिवसाचा क्रम कसा लावायचा, हे सगळं तिथेच शिकलो आणि आजही घरात वापरतो. अडलं ते एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीवर.

आमच्या मुलीला रेल्वेच्या घोषणा पाठ आहेत. भुसावळचं पोर, दुसरं काय ऐकणार? ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’पासून गाडी क्रमांकापर्यंत, अगदी त्याच चालीत, दिवसभर. बैठक सुरू झाली की आम्ही दोघं फोनसमोर आणि ती आमच्या मागे फेऱ्या मारत घोषणा करतेय. पाच मिनिटांत अतिशय गोड आवाजात सूचना यायची, ‘भुसावळहून जे जॉइन झालेत त्यांनी प्लीज म्यूट करा.’ आम्ही म्यूट व्हायचो. प्रश्न विचारायला आवाज सुरू केला की अमुक गाडी तमुक फलाटावर. पुन्हा म्यूट. शेवटी बायको तिला घेऊन आतल्या खोलीत जायची, मी ऐकायचो आणि नंतर तिला सांगायचो; म्हणजे निम्मं सांगायचो. प्रश्न लिहून पाठवले तर शेवटच्या दहा मिनिटांत त्यातला एखादा वाचला जायचा.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंची चूक नव्हती. वीस घरांचे आवाज एकदम आले तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. पण लग्नात, देवळात, रिझर्व्हेशनच्या रांगेत, सगळीकडे लोक मागे वळून बघतात आणि आम्ही तिला गप्प करतो. जिथे निदान तेवढं तरी करावं लागणार नाही म्हणून गेलो, तिथेही मुलीला दुसऱ्या खोलीत न्यावं लागायला लागलं. हे मला पटेना. तुमचं मूल शांत असेल किंवा त्या वेळात सांभाळायला घरात कुणी असेल, तर ही अडचण तुम्हाला जाणवणारही नाही, आणि मग माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो.

आमची जवळची बैठक कुणी स्थापन वगैरे केलेली नाही. थेरपीच्या बाहेरच्या बाकावर रोज तेच चेहरे दिसायचे, त्यातून ओळखी झाल्या. एका कुटुंबाचं फैजपूरकडे केळीच्या बागेला लागून खळं आहे. भोवती भिंत, फाटकाला कडी. जमेल त्या रविवारी पाच-सात घरं तिथे जमतात. भिंत आणि कडी मुद्दाम सांगतोय, कारण आपली मुलं पळतात आणि पाण्याकडे ओढली जातात. कुणाच्या शेतात भेटायचं ठरलं तर विहिरीला जाळी आहे का, हे चहाच्या आधी बघा.

तिथे अजेंडा नसतो. थंडीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, भरीत-पुरी होते, पोरं मातीत. कुणी फक्त कोरडी पुरी खाल्ली तर कुणी आग्रह करत नाही. वांगी भाजायला पुरुष लागतात, त्यामुळे बाप येतात. ऑनलाइन बैठकीत मी बहुतेक वेळा एकटाच बाप असायचो. काड्या सारत सारत जे बोलणं होतं, ते समोरासमोर खुर्च्या मांडून झालं नसतं. एका मुलाचे आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेत. आमच्या मुलीची घोषणा सुरू झाली की ते गंभीरपणे विचारतात, ‘किती लेट?’ आणि ती आकडा सांगते. थेरपिस्टच्या भाषेत याला काय म्हणतात मला माहीत नाही. पण घरी तिच्याशी असा सवाल-जवाब आम्हाला तोवर सुचला नव्हता.

दुसरा फायदा आजी-आजोबांचा. आपल्याकडे निर्णय दोघांचे नसतात. थेरपीला पैसे घालायचे की अंगारा लावायचा, हे माजघरात ठरतं. माझ्या आईला मी छापील माहिती वाचून दाखवली, डॉक्टरांचा व्हिडिओ दाखवला. ती ऐकून घ्यायची आणि ‘बोलेल रे, तूही उशिराच बोललास’ म्हणायची. खळ्यात अमळनेरकडच्या एक आजी तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘आमना नातू बी असाच शे.’ त्यानंतर दोघी बराच वेळ बोलत होत्या. पुढच्या आठवड्यात आई स्वतःहून थेरपीला सोबत आली.

आता वाईट बाजू. इथे गुपित राहत नाही. खान्देशात कुणाची भावकी कुठे निघेल सांगता येत नाही. एका घरी मोठ्या मुलीचं लग्न ठरत होतं, त्यांनी येणं थांबवलं, आणि त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. तज्ज्ञ कुणी नाही, त्यामुळे चुकीची माहितीही तितक्याच आत्मविश्वासाने दिली जाते. लग्नसराईत आणि शेतीच्या घाईत बैठक होतच नाही. कायद्याचं काही विचारायचं तर पुन्हा शहराकडेच वळावं लागतं. म्हणून शहरी गटाचा संपर्क आम्ही तोडलेला नाही. सत्राचं रेकॉर्डिंग मिळालं तर ऐकतो.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने मला विचारलं तर मी म्हणेन, पहिले सहा महिने जवळची माणसं शोधा, संस्थेचं सत्र महिन्यातून एखादं पुरे. अपवाद दोन. घरात गुप्तता खरोखरच हवी असेल, तर शहरातली संस्था बरी. तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं. आणि तुम्ही नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे असाल, तर आसपास दुसरं घर सापडायलाच वेळ लागेल आणि रेंजही धड मिळणार नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक, या दोन ठिकाणी चौकशी करा. ते दुसऱ्या पालकांचे नंबर देणार नाहीत, द्यायलाही नकोत. तुमचा नंबर मात्र चिठ्ठीवर लिहून तिथे ठेवून या, आणि खाली मुलाचं वय लिहा.