ऑटिझमच्या थेरपीचे पैसे भरले, पावती मिळाली हॉबी क्लासची

९६,८४० रुपये. सेंटरला कुलूप लागलं, फोन बंद झाला, तरी त्यातला कर्जाचा हप्ता दर महिन्याला आमच्या खात्यातून जातोच आहे. आकडा मुद्दाम लिहिते. ‘थोडेफार गेले’ म्हटलं की लोक हळहळतात आणि विषय बदलतात.

मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. हाक मारली तर बघायचा नाही, खेळण्यातली गाडी उलटी करून चाकं फिरवत बसायचा, बोलणं जवळपास नाहीच. सासूबाई म्हणायच्या, “ह्याचा बापही चौथं लागल्यावर बोलला, नको ते खूळ डोक्यात घेऊ नकोस.” आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र सरळ सांगितलं की ऑटिझमची लक्षणं वाटतात, पुण्याला डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनना, म्हणजे मुलांच्या वाढीच्या खास डॉक्टरांना, दाखवून घ्या. तिथे नंबर लागायलाच महिने. आमचं तालुक्याचं गाव, ह्यांची एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, मी घरी शिवणकाम करते. आठवड्यातून दोनदा पुणं आम्हाला कसं जमणार? नेमका तेव्हाच गावात बोर्ड लागला: ‘न बोलणाऱ्या, चंचल मुलांसाठी मोफत तपासणी शिबिर’. अशी शिबिरं कशासाठी भरवतात हे तुम्हाला सांगायला नको. मलाही ते ऐकून माहीत होतं. पण गावात दुसरं काहीच नसताना दारात आलेल्या माणसाला कोण परत पाठवतं?

आधी ‘ब्रेन मॅपिंग’, ४,५०० रुपये. डोक्याला तारा लावल्या आणि एक रंगीत कागद हातात दिला. लाल दिसतंय तिथे ब्लॉक आहे म्हणे. नंतर जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी समजावलं की ऑटिझमचं निदान मेंदूच्या कुठल्याही आलेखावरून होत नाही आणि रक्ताच्या तपासणीवरूनही होत नाही. मुलाला खेळताना बघून आणि आईवडिलांना बारीकसारीक विचारूनच ते करतात. फिट येत असल्याची शंका असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढतात, ती गोष्ट वेगळी.

मग पॅकेज. सहा महिने, ९६,००० रुपये, ‘आजच भरलं तर’ ७८,०००. “ताई, पाच वर्षांच्या आत केलं नाही तर मेंदूची दारं बंद होतात. सहा महिन्यांत आई म्हणायला लावतो, गॅरंटी.” लवकर सुरुवात केली तर मुलाला फायदा होतो हे खरंच आहे, आणि त्या खऱ्यावरच ही माणसं भीती उभी करतात. पाचव्या वाढदिवसाला कसलंही दार बंद होत नाही. आणि ऑटिझम सहा महिन्यांत ‘बरा’ करण्याची गॅरंटी जो देतो, त्याच्यासमोरून मुलाला उचला आणि चालू लागा. तो डॉक्टर म्हणवत असला तरी.

२८,००० आम्ही तिथेच फोनवरून भरले. सेंटरच्या नावाचं खातं नव्हतंच, पैसे एका माणसाच्या खात्यावर गेले. उरलेल्या ५०,००० साठी त्यांनीच टेबलावर कर्जाचं ॲप काढून दिलं, ४,७२० चे बारा हप्ते, म्हणजे ५६,६४०.

आणि आता ती पावती. पिवळा कागद, छापील पुस्तकातून फाडलेला. ‘तपशील’ या रकान्यात निळ्या पेनाने लिहिलं होतं: हॉबी ॲक्टिव्हिटी क्लास फी, ना-परतावा. थेरपी हा शब्द कुठेच नाही. मी विचारलं, खरंच विचारलं, “हे असं का लिहिलंय?” काउंटरवरची मुलगी म्हणाली, “जीएसटीसाठी तसं लिहावं लागतं मॅडम, सगळ्यांचंच तसं आहे.” मुलगा तेवढ्यात काउंटरवरची घंटी वाजवत सुटला होता, मागे चार आया रांगेत, हे ड्युटीला निघायच्या घाईत. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. ती घडी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण रडणारं मूल काखोटीला घेऊन जीएसटीचा कायदा तपासत बसणारी आई मला कोणी दाखवावी. ज्यांना आज ‘एवढंही कळलं नाही का’ असं म्हणावंसं वाटतं, त्यांनी एक दिवस माझ्या घरी येऊन राहावं.

‘हॉबी ॲक्टिव्हिटी क्लास’, या तीन शब्दांवर ते सुटले. ते पुढे येतंच.

थेरपी बंद दाराआड. “आई समोर असली की मूल काम करत नाही.” एकदा दार नीट लागलं नव्हतं. फटीतून दिसलं ते एवढं: माझा मुलगा लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत, समोर टॅबलेटवर बालगीतं लावलेली, आणि बाजूला ‘थेरपिस्ट’ स्वतःच्या फोनवर मेसेज वाचतेय. मी तक्रार केली तर म्हणाले, तो ‘व्हिज्युअल स्टिम्युलेशन’चा भाग आहे. आता ज्यांच्याकडे जातो त्या बाई मला शेजारी बसवतात, मुलाशी कसं खेळायचं ते माझ्याकडूनच करून घेतात. आठवड्यातल्या दोन तासांनी काही होत नसतं, उरलेला सगळा वेळ घरचीच माणसं मुलाबरोबर असतात. लहान मुलाच्या आईला कायम बाहेर बसवणारं सेंटर नको.

वरून पावडर. ३,८५० चा डबा, असे दोन डबे, ७,७००. गहू बंद, दूध बंद. आधीच चार पदार्थ खाणारं पोर, त्याचं पोळी-दूधही तोडलं. वजन उतरलं तेव्हा मी पावडर थांबवली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सेंटर उघडलंच नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी पावती वाचली आणि म्हणाले, “ताई, हे हॉबी क्लासचे पैसे आहेत. दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.” अर्ज घेतला, पोच द्यायलाही मिनतवाऱ्या. आरोग्य विभागात म्हणाले, हा दवाखाना नव्हे, आमच्याकडे येत नाही. दिव्यांगांचं काम बघणाऱ्या कार्यालयात तर कमालच झाली: “ती संस्था आमच्याकडे नोंदणीकृत नाही, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही.” अहो, नोंदणी नाही हाच तर गुन्हा आहे! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ५० वं कलम म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवताच येत नाही. त्याच कायद्याने ऑटिझम २१ दिव्यांगत्वांमध्ये घेतला आहे. मी कलम छापून नेलं, तर साहेब मीटिंगला गेले होते. कर्जवाल्या कंपनीचं उत्तर, सेवा मिळाली नाही तो तुमचा आणि सेंटरचा प्रश्न, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा पेपरात केवढे फोटो आले होते. आमच्या वाट्याला मात्र या टेबलावरून त्या टेबलावर जाणंच आलं. मूल कडेवर, ते ट्यूबलाइटच्या आवाजाने कानावर हात ठेवून किंचाळतंय, आणि समोरचा म्हणतो, “आधी याला बाहेर घेऊन जा.”

थेरपी करणाऱ्याचा नोंदणी नंबर मागा. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, सीआरआर नंबर म्हणतात त्याला, आणि तो ऑनलाइन तपासता येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याची वेगळी परिषद आहे. आमच्याकडे भिंतीवर सात फ्रेमा होत्या, नंबर एकीवरही नव्हता. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केला तर पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एक हजार! एका डब्याच्या किमतीत तीनदा भरून निघेल.

ज्यासाठी एवढं धावलो, ते जिल्हा रुग्णालयात फुकट होतं. डीईआयसी म्हणून केंद्र असतं, लहान मुलांच्या वाढीच्या अडचणी तिथे बघतात. आरबीएसके या सरकारी बाल आरोग्य तपासणी योजनेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुलं तपासतं आणि तिकडे पाठवतं. आमचा मुलगा खासगी नर्सरीत, त्यामुळे पथकाने त्याला कधी पाहिलंच नाही, आणि आम्हाला कोणी सांगितलंही नाही. तुमचं मूल अंगणवाडीत नसेल तरी सेविकेला जाऊन भेटा. केंद्रात गर्दी आहे, तारीख उशिरा मिळते, पण तिथे कोणी गॅरंटी देत नाही आणि ॲपही काढत नाही. मुलाचं पक्कं निदान अजून व्हायचं आहे. झालं तर इसा या ऑटिझम मोजायच्या ४० प्रश्नांच्या मोजपट्टीवरून दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, त्यावर यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा, ज्यात थेरपीचा खर्चही धरतात.

ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, तक्रार दाखल केली आहे. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यांच्या मेसेजमध्ये ‘थेरपी’ आणि ‘गॅरंटी’ असं लिहिलेलं आहे, तेच आता आमचा पुरावा. म्हणून बोलणी तोंडी ठेवू नका, लेखी विचारा आणि चॅट पुसू नका.

गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातून नणंदेने एका पत्रकाचा फोटो पाठवला. नाव नवं, मोफत शिबिर तेच, खाली कोट घातलेला माणूसही तोच. तिथल्या आयांनो, जायचंच असेल तर पैसे काढण्याआधी पावतीवर काय लिहिणार ते कागदावर लिहून मागा.