ग्रेंज २००४: एक बाटली अ‍ॅडलेडची, एक लक्ष्मीनगरची

पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ग्रेंज या रेड वाईनच्या दोन बाटल्या, दोन्ही २००४ सालच्या. एक माझ्या धाकट्या दिरांकडे अ‍ॅडलेडला तळघरात राहिली, दुसरीने आमच्या लक्ष्मीनगरच्या घरात नागपूरचे उन्हाळे काढले. या डिसेंबरात भाऊजी आले तेव्हा त्यांची बाटली घेऊनच आले आणि दोन्ही एकाच रात्री, एकाच टेबलावर उघडल्या. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कधी ४७ गाठतो, तिथे अशी वाईन वर्षानुवर्षं धड राहते का, हे मला बघायचं होतं. राहते. इतकी चांगली राहते की अजून आश्चर्य वाटतंय. पण त्यात वाईनइतकाच वाटा ती ज्या गार कपाटात झोपली होती त्याचा आहे, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

आम्हा मैत्रिणींची पूर्वी सोन्याची भिशी होती, आता वाईनची आहे. दर महिन्याला थोडे पैसे काढायचे आणि वर्षाअखेर एक मोठी बाटली. एरवी आम्ही नाशिकची रासा शिराझ पितो, अकलूजची सेत्ते पितो, आणि आवडीने पितो. ग्रेंजही मुख्यतः शिराझचीच, म्हणजे द्राक्ष आपल्या ओळखीचं. फरक आहे तो मुरण्यात.

ही वाईन कशी जन्माला आली ते माहीत असेल तर पिताना तिचं मोल कळतं. मॅक्स शुबर्ट नावाचा पेनफोल्ड्सचा वाईनमेकर १९५० साली युरोपात गेला. फ्रान्समधल्या बोर्दो या वाईनच्या प्रदेशात त्याला चाळीस-पन्नास वर्षं जुन्या रेड वाईन चाखायला मिळाल्या, आणि इतक्या वर्षांनंतरही त्या जिवंत होत्या. तशी टिकणारी वाईन आपल्याकडे करायचीच, हे मनात धरून तो परतला. बोर्दोची द्राक्षं साउथ ऑस्ट्रेलियात पुरेशी नव्हती, शिराझ भरपूर होती. त्याने शिराझ घेतली आणि १९५१ मध्ये पहिला प्रयोग केला. लोकांना आवडली नाही. तिथे तेव्हा गोड पोर्ट आणि शेरीची सवय होती. एका जाणकाराने तर हिच्यात चिरडलेल्या मुंग्यांची चव लागते असं सांगितलं. १९५७ मध्ये कंपनीने उत्पादन बंद करायचा हुकूम काढला. शुबर्टने १९५७, १९५८ आणि १९५९ ची वाईन तरीही लपूनछपून केलीच, फक्त ओकच्या लाकडाची नवी पिंपं घेतली नाहीत, कारण तो खर्च हिशेबात दिसला असता. तोवर आधीच्या बाटल्या मुरत गेल्या, चाखणाऱ्यांचं मत फिरलं आणि १९६० ला काम पुन्हा उजळ माथ्याने सुरू झालं. थांबायची तयारी ठेवली म्हणून ही वाईन वाचली. मला तिच्याबद्दल जे प्रेम वाटतं त्याचं मूळ यात आहे.

२००४ ची वाईन पेनफोल्ड्सचे वाईनमेकर पीटर गागो यांच्या हातची. द्राक्षं साउथ ऑस्ट्रेलियातल्या वेगवेगळ्या भागांतली, त्यात बरोसा व्हॅलीचा वाटा मोठा, शिराझमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों हे दुसरं द्राक्ष किंचित. आंबवण्याचा शेवटचा टप्पा नव्या अमेरिकन ओकच्या तीनशे लिटरच्या पिंपांत पुरा होतो, वाईन तिथेच साधारण दीड वर्ष राहते, आणि द्राक्षं तोडल्यापासून पाचेक वर्षांनी बाजारात येते. भाऊजींनी त्या सालच्या बाटल्या बाजारात आल्या आल्या घेतल्या होत्या. त्यातली एक पुढे आमच्यासाठी थंडीच्या दिवसांत सामानातून आणली. परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, त्यात ती आरामात बसते. पिण्याचा परवाना मात्र महाराष्ट्रात लागतोच, तो काढून ठेवा. आणि नागपूरहून यवतमाळकडे गाडीने बाटली न्यायचा विचार करत असाल तर करू नका: मध्ये वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे.

आता कपाट. वाईनला १२ ते १४ अंश, अंधार, थोडी दमट हवा आणि स्थिरता लागते. आपल्या मे महिन्यात यातलं काहीच नसतं. बाटली तापली की आतला द्रव फुगतो आणि बूच ढकलतो, रात्री निवली की आकसतो आणि बाहेरची हवा ओढतो. असं चालत राहिलं की फळाचा ताजेपणा जातो आणि शिजवलेल्या जामसारखी चव उरते. दुपारच्या कोरड्या हवेने बूच वरून वाळतं ते वेगळंच. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात मी दहा हजारांची बोर्दो बारच्या दिव्याखाली उभी ठेवलेली पाहिली आहे. आमच्या पेल्यात आली ती मेलेली वाईन होती. बदलून मागितली तर वेटरला आम्ही काय म्हणतोय तेच कळेना. घरचा फ्रिजही यावर उपाय नाही. तो चार अंशांवर चालतो, आतली हवा कोरडी असते, आणि त्यात फोडणीच्या वरणाचा वास असतो.

मग उरतं वाईनचं कपाट, आणि इथे नागपूरकराने डोळे उघडे ठेवायला हवेत. सदरमधल्या एका दुकानदाराने मला थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय गार करणारं मॉडेल दाखवलं: छोटं, देखणं, आवाज नाही, किंमत निम्मी. पण या पद्धतीचं कपाट खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशच खाली जाऊ शकतं. खोली ३५ वर असेल तर आत २० च्या खाली जाणं कठीण. बंगलोरला किंवा महाबळेश्वरला ते चालेल. इथे कॉम्प्रेसरचंच घ्या, आणि मागच्या पट्टीवरचा क्लायमेट क्लास वाचून घ्या. ‘एन’ लिहिलं असेल तर ते ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनलं आहे, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. दुकानात बहुतेक कपाटं ‘एन’ किंवा ‘एसटी’ असतात आणि विकणाऱ्याला ही अक्षरं माहीत नसतात. मी अडून बसले आणि ‘टी’ मागवून घेतलं. यायला वेळ लागला, पैसेही जास्त गेले, पण बाकी सगळं त्या एका अक्षरावर उभं आहे.

कपाट आम्ही तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत ठेवलं. तिला पश्चिमेची भिंत नाही, खिडकी उत्तरेला. मे महिन्यात ती खोलीही ३४-३५ ला पोचते, तेव्हा दुपारी बाहेरच्या पॅसेजमधला कूलर लावतो. कूलरची ओलसर हवा बुचांना बरीच. मात्र तो कपाटाला टेकवायचा नाही, त्याची थरथर बाटल्यांना जाते. स्टॅबिलायझर लावला आहे, आणि कपाट इन्व्हर्टरवर घेतलं आहे. रिकामे खण पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाकले, म्हणजे वीज गेली तरी आतला गारवा लवकर सुटत नाही. एका मे महिन्यातल्या वादळात आमच्या गल्लीत झाड पडलं, तारा तुटल्या आणि वीज पहाटेपर्यंत आली नाही. इन्व्हर्टरनेही मान टाकली. दार एकदाही उघडलं नाही. आतल्या थर्मामीटरवर सकाळी १६ होते, एरवी १३ असतात. त्या दिवशी माझा या यंत्रावर विश्वास बसला. तक्रार एकच: आतला दिवा दार उघडलं की डोळ्यात घुसतो आणि बंद करायची सोय नाही. मी त्यावर काळा कागद चिकटवला आहे.

मोठी वाईन उघडायची तर डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत आपल्याकडे संध्याकाळी घरात १७-१८ अंश असतात, आणि रेड वाईन प्यायला नेमके तेवढेच हवेत. दोन्ही बाटल्या आदल्या दोन दिवसांपासून उभ्या ठेवल्या, कारण ग्रेंजमध्ये गाळ बराच साचतो. बुचं साध्या स्क्रूने काढली नाहीत. भाऊजींनी दोन पात्यांचं ओपनर आणलं होतं, ते बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवून हळूहळू फिरवत काढायचं. लक्ष्मीनगरचं बूच हातात घेऊन मी बराच वेळ पाहत होते. खालच्या टोकाला जांभळा डाग, वर जेमतेम दोन मिलिमीटर चढलेला, बाकी बूच स्वच्छ आणि लवचिक. अ‍ॅडलेडच्या बुचावर डाग अर्ध्यापर्यंत चढला होता. मग मानेखाली टॉर्च धरून भाऊजींनी एकेक बाटली डिकॅन्टरमध्ये, म्हणजे वाईन गाळावरून काढून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ओतली, गाळाची पहिली रेघ मानेपाशी आली की हात थांबवला. कोणत्या डिकॅन्टरमध्ये कोणती वाईन हे फक्त माझ्या मुलीला माहीत होतं. तिने तळाशी चिठ्ठ्या चिकटवल्या.

पहिला डिकॅन्टर. कडेला विटेचा रंग उतरलेला. वास लगेच मोकळा: चामडं, तंबाखूचं पान, कॉफी, आणि वाळवलेल्या मोहफुलांचा तो जड गोडवा, जो भंडाऱ्याकडच्या माणसाला डोळे मिटून ओळखता येईल. तोंडात मऊ, तुरटपणा जवळजवळ विरघळलेला, चव गिळल्यानंतरही कितीतरी वेळ मागे रेंगाळत राहणारी.

दुसरा डिकॅन्टर. रंग मध्यभागी अजून गडद, जांभळ्याकडे झुकलेला. सुरुवातीला वास बंद, फक्त काळी मिरी आणि ओकमधून येणारं ओलं खोबरं. दोन तासांनी उघडला तो असा की बोलणं थांबलं. पिकलेलं जांभूळ, लवंग, मनुका, मागून चामडं. तुरटपणा बारीक दळलेला, पण ठाम. नाकाला एक तीक्ष्ण झणका येतो, किंचित नेलपॉलिशच्या बाजूचा. ती ग्रेंजची जुनी खूण आहे. कुणाला खटकते, मला या वाईनला त्याच्यामुळे धार येते असं वाटतं.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, दुसरी माझी. ही ताजी आहे.” सगळ्यांचंच तसं मत पडलं. मुलीने चिठ्ठ्या दाखवल्या. ताजी होती ती लक्ष्मीनगरची.

नंतर विचार केला तर त्यात नवल नव्हतं. भाऊजींचं तळघर जमिनीखाली आहे, पण त्यात यंत्र नाही. अ‍ॅडलेडलाही उन्हाळ्यात चाळीशी पार होते, आणि तळघर हिवाळ्यात १२ तर फेब्रुवारीत २०-२१ ला जातं. आमची बाटली बारा महिने तेरावर. उष्णतेने वाईन लवकर वयात येते, गारव्यात सावकाश. एकेक बाटलीवरून शास्त्र मांडता येत नाही, एकाच खोक्यातल्या दोन बाटल्यांतही फरक निघतो, हे मान्य. पण बुचांवरचे डागही तेच सांगत होते. त्या रात्री प्यायला मला अ‍ॅडलेडची जास्त आवडली, कारण ती पूर्ण मुरलेली होती. आमचीला अजून दहा-पंधरा वर्षं सहज मिळाली असती.

सोबत काय खाल्लं हे विचारणाऱ्यांसाठी: सावजी अजिबात नाही. मला सावजी मटण प्राणप्रिय आहे, पण त्या तिखटापुढे साडेचौदा टक्क्यांच्या आसपासची वाईन नुसती जळते आणि तुरटपणा कडू होतो. आम्ही डिसेंबरातली मोठी हिरवी वांगी काड्यांवर भाजून भरीत केलं, मिरची नावापुरती, लसणाची पात आणि शेंगदाणे घालून, वर ज्वारीची भाकर. वांग्याचा धूर आणि मुरलेली शिराझ यांचं इतकं जमलं की सोबत केलेलं मिऱ्याचं मटण मागे पडलं. पुढच्या वेळी मटण करणारच नाही.

किंमत. नव्या सालची ग्रेंज आज ऑस्ट्रेलियात हजार डॉलरच्या घरात आहे, म्हणजे आपले पन्नास हजारांच्या वर. भारतात आयात वाईनवर १५० टक्के ड्युटी होती. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, तेव्हा महागड्या बाटल्यांवरची ती एकदम ७५ टक्क्यांवर आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने २५ पर्यंत उतरणार आहे. तरी ही एकट्याने घ्यायची वस्तू नाही. भिशीतून सहा-सात जणींत वाटली तर एका चांगल्या साडीच्या किमतीत येते, आणि मी तरी साडी सोडेन.

पैसे थोडे असतील तर क्रम उलटा ठेवा: आधी ‘टी’ क्लासचं कपाट, त्यात सुरुवातीला नाशिकच्या चांगल्या रेड दोन-तीन उन्हाळे ठेवून पाहा, थर्मामीटर रोज बघायची सवय लावा. आमच्या कपाटात आता ग्रेंजच्या जागी त्याच कंपनीची सेंट हेन्री आडवी पडली आहे. तीही शिराझच, पण नव्या ओकऐवजी जुन्या मोठ्या पिंपांत ठेवलेली, किंमत ग्रेंजच्या कितीतरी खाली. भिशीत ती निदान आठ वर्षं उघडायची नाही असं ठरलंय, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.