लक्षद्वीप क्रूझ: सहा महिने आणि एक कूपन

डिसेंबरात मुंबईहून पाच रात्रींची लक्षद्वीप क्रूझ केली. मी, बायको आणि ६८ वर्षांची आई. उतरल्या उतरल्या लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या, म्हणून थांबलो. आता भरपाईचं कूपनही सहा महिने वापरून, म्हणजे वापरायची धडपड करून झालंय.

चाळीसगावहून रात्रीची गाडी, सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर जवळच. मग अडीच तास रांग. आईने दादर ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा आणला होता, तो डबा तपासणीत काढून घेतला. बाहेरचं अन्न चालत नाही हे आधी सांगितलं असतं तर गाडीतच संपवला असता.

केबिन खिडकीवाली घेतली, त्याचे पैसे जास्त मोजले. पडदा सारला तर समोर भलीमोठी नारिंगी लाइफबोट! आई म्हणाली, "समुद्र आठेच शे ना, मंग दखास का बरं नही?" काउंटरवर विचारलं तर बुकिंगच्या कागदावरची 'दृश्यात अंशतः अडथळा' ही बारीक ओळ दाखवली.

जेवणाला नावं ठेवणार नाही. पोरं वेटरची कामं मनापासून करत होती. पण वायफाय वेगळं, चांगली कॉफी वेगळी, शिवाय माणशी दर रात्रीचा सर्व्हिस चार्ज. सगळं खोलीच्या कार्डावर चढत जातं आणि शेवटच्या सकाळी दाराखालून बिल सरकतं.

खरा घोळ बेटाचा. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांभोवती प्रवाळाचं कडं, आत लगून म्हणजे उथळ, शांत पाणी. जहाजाचं एवढं धूड किनाऱ्याला लागत नाही. ते खोल पाण्यात थांबतं आणि माणसं लहान होड्यांनी नेतात. त्या दिवशी लाटा चढल्या, होड्या बंद. कॅप्टनचं बरोबरच होतं, माझ्या आईला त्या होडीत उतरवायला मीही धजलो नसतो. राग जाहिरातीचा आहे. पानोपानी पांढरी वाळू, पण वाळूवर पाय लागेलच असं नाही, हे जाहिरातीत कुठेच नाही. ते अटींत होतं, 'मार्ग बदलण्याचा हक्क' या गुळगुळीत शब्दांत. परमिट काढून, फॉर्म भरून आम्ही डेकवरून एक हिरवी रेघ पाहिली. गल्लीत कोणी विचारलं की आई सांगते, "लक्षद्वीप दखी उनू, पन दूरथीन."

भरपाई म्हणून बंदराचं शुल्क परत आणि पुढच्या प्रवासासाठी कूपन. मुदत वर्षभराची, पण जून ते सप्टेंबर पावसाळ्यात जहाज तिकडे फिरकत नाही. दिवाळी आणि नाताळाचे आठवडे वगळलेले. कर आणि सर्व्हिस चार्ज आपल्याच खिशातून. मार्चपासून तीनदा फोन केला, तिन्ही वेळा 'त्या तारखेला कूपनचा कोटा संपला'. माझा चुलतभाऊ तर डिसेंबरातच म्हणाला होता, "पैसा पानीमा गया ना भो!"

शेवटी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकली. तिथे कळलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. म्हणजे मुंबईच्या खेपा नकोत, जळगाव पुरे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. जाहिरातीचं माहितीपत्रक आईने कपाटात जपून ठेवलं होतं, ते आता तक्रारीच्या पहिल्या पानाला जोडलंय. खिडकीबाहेरच्या लाइफबोटीचा फोटोही.